निका पत्रा

आबांच्या तोंडी ‘निका’ हा शब्द फार. दुधाला सगळेच निकं म्हणतात, आबा पत्र्यालाही म्हणायचे. ठोकर लागून चेपलेली गाडी हातोडीनं सरळ केली आणि रंगाखाली पुट्टीचा लेप द्यावाच लागला नाही, तर तो निका पत्रा. पुट्टी म्हणजे खड्डा बुजवायचं लुकण. लाकडाला लांबी भरतात तसलाच प्रकार. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या बाजूला डेंटिंगची दुकानं पायलीला पन्नास होती आणि सगळीकडे पुट्टीचे डबेच्या डबे रिकामे होत असायचे. आमच्या शेडमध्येही एक डबा असायचा, पण तो सगळ्यात वरच्या फळीवर, आणि त्याच्यावर कायम धूळ असायची.

आबा माझे वडील. खानदेशातून सुरतेला आले ते सगळ्या गावासारखेच, लूमवर काम करायला. पण त्या खडखडाटात त्यांचा जीव रमला नाही आणि वर्षभरातच ते एका पारशी म्हाताऱ्याच्या गॅरेजात हातोडी धरायला लागले. पुढं स्वतःची पत्र्याची शेड टाकली. आम्ही राहायला डिंडोलीला, अजूनही तिथंच आहोत. मी हे लिहितोय तेव्हा आबा पलीकडच्या खोलीत टीव्ही बघतायत. त्यांना वाचता येतं, पण मी लिहिलेलं ते वाचायला घेतील असं मला आता वाटत नाही.

गाडी देण्याच्या दिवशी त्यांचा एक रिवाज असायचा. जुन्या स्पीकरमधून काढलेला एक गोल चुंबक त्यांनी रुमालात बांधून ठेवला होता. गिऱ्हाईक आलं की तो त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, फिरवा. पत्र्याला चुंबक चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. गिऱ्हाईक बिचारं आधी लाजायचं, मग हळूच चुंबक लावायचं, मग गाडीभर फिरवत सुटायचं. आबा तेवढा वेळ हात मागं बांधून दुसरीकडेच बघत उभे राहायचे. त्यांच्या आयुष्यातली ऐट म्हणाल तर ती एवढीच.

स्वतः त्यांना चुंबक कधी लागला नाही. ते सकाळी, शेडचं छत तापायच्या आत, उघडा तळहात गाडीवरून फिरवायचे. पत्रा सकाळी गार लागतो आणि पुट्टी तेवढी गार लागत नाही. मी शंभर वेळा करून बघितलं, मला कधी फरक कळला नाही. त्यांना प्रायमरच्या खालूनही कळायचा. जुनी गाडी विकत घ्यायच्या आधी लोक त्यांना सकाळी सातला घेऊन जायचे, आणि ते डोळे मिटून हात फिरवत सांगायचे, हा दरवाजा भरलेला आहे, हे बॉनेट नवं आहे.

तोच हात आमच्या गल्लीत थर्मामीटर होता. बायका कडेवर पोर घेऊन यायच्या. आबा कपाळाला हात लावायचे आणि सांगायचे, काही नाही, दात येतायत; किंवा, शंभराच्या वर आहे, दवाखान्यात न्या. मायला, म्हणजे माझ्या आईला, याचा भारी अभिमान होता. ती बायकांना दारातच सांगायची की आमच्या घरात काचेचं ते यंत्र आणलेलंच नाही.

आणि स्कूटरवर माझ्या मागं बसले की त्यांचा डावा तळहात माझ्या खांद्यावर असायचा. रोज सकाळी डिंडोलीहून उधना आणि संध्याकाळी परत. त्या हाताच्या वजनावरून मला कळायचं की आज स्वारी खुशीत आहे की कुणावर तरी डाफरणार आहे.

आता माझ्याबद्दल. मी सुरुवातीला आबांच्या शेडमध्ये गेलोच नाही. विम्याची कामं करणाऱ्या एका मोठ्या गॅरेजात सहा वर्षं होतो. तिथं ठोकायला कुणाला वेळ नसायचा, सगळा कारभार पुट्टीवर. त्यात मात्र माझा हात कुणी धरला नसता. कुठलाही खड्डा द्या, मी भरून, घासून असा काढायचो की बनवणाऱ्यानंही बघत राहावं. ते गॅरेज बंद पडलं तेव्हा मी नाक मुठीत धरून आबांकडे आलो. त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि पहिल्याच दिवशी माझं नाव पाडलं, गवंडी. मी शेडमध्ये शिरलो की हातोडी न थांबवता विचारायचे, “गवंडी उना का?” पत्र्याला गिलावा करणारा आला का? शेजारचे दुकानदार हसायचे, मीही हसायचो. पण मी तेव्हा तीस ओलांडलेला बाप्या होतो, घरात बायको होती, ती पोटुशी होती, आणि ते नाव मला लागायचं. अजून लागतं, हे खरं.

अशात ती जर्मन गाडी आली.

कापडाच्या एका मोठ्या शेठच्या आजोबांनी घेतलेली. साठ-एक वर्षांची असेल. कितीतरी वर्षं बारडोलीकडच्या त्यांच्या शेतावर एका पडवीत उभी होती. आम्ही ती आणायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती आणि उठायला तयार नव्हती. गाडी लांबलचक, काळी, नाकावर वर्तुळात तीन टोकांचा तारा. पुढचे दिवे उभट. वेग दाखवायला गोल घड्याळ नाही, उभी पट्टी होती, थर्मामीटरसारखी. वेग वाढला की तिच्यात रंग वर चढायचा. आणि मागच्या बाजूला, डिकीच्या दोन्ही अंगांना, दोन पंख. वीतभरसुद्धा उंच नाहीत, पण गाडी बघणारा माणूस आधी त्यांच्याकडेच बघायचा. त्यांच्या कडेनं चमकती पट्टी धावत जाऊन टोकाला वळली होती. कोंबड्या त्यांच्यावरच बसत असणार, कारण तिथली घाण काढायला मला अर्धा दिवस लागला.

शेजारपाजारचे म्हणाले, काय ही जर्मन लोकांची हौस, मोटारीला पंख. आबा दोन दिवस गाडीभोवती नुसते फिरत होते. तिसऱ्या दिवशी ते स्टीअरिंगमागं जाऊन बसले, मान वळवून मागच्या काचेतून बघितलं आणि मला हाक मारली. मला तिथं बसवलं. मागं बघितलं तर गाडीचा बाकी काही भाग दिसत नव्हता, फक्त दोन्ही पंखांची टोकं दिसत होती. गाडी मागं घेताना ती कुठं संपते ते चालवणाऱ्याला कळावं म्हणून ते होते. आबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा झाला होता. कुणी आपल्याच जातीच्या कारागिरानं सातासमुद्रापलीकडून निरोप पाठवावा तसे ते खूश होते. म्हणाले, दोन्ही टोकं एका पातळीत दिसली पाहिजेत, नाहीतर ड्रायव्हर फसेल.

उजवा पंख थोडा गंजला होता, बाकी ठीक. डाव्याला मात्र कधीतरी उसाच्या ट्रॉलीनं ठोकलेलं, तो आतपर्यंत बसला होता. पंख आतून पोकळ आणि अरुंद. हातोडी आत जात नाही. आबांनी त्यासाठी लोखंडाच्या लांब पट्ट्या वाकवून वेगळी अवजारं तयार केली आणि डिकीतून आडवं पडून महिनाभर तो पंख आतून उचलला. शेठला सांगून ठेवलं होतं, वेळ लागेल, पण देईन तो निका पत्रा देईन. शेठ म्हणाला, लागू दे. त्याला कसलीच घाई नव्हती. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी स्वतःची समजूत घालताना कितीदा तरी घाईची सबब सांगितली आहे. घाई कुणालाच नव्हती.

डावा पंख शेवटच्या टोकाशी थोडासा राहिला होता तेव्हा गावाहून निरोप आला, आबांची थोरली बहीण गेली. आबा आणि माय त्याच दिवशी निघाले. निघताना आबांनी मला पंखाजवळ नेलं, कुठं किती उचलायचं ते बोटानं दाखवलं आणि म्हणाले, “नही जमनं ते ऱ्हावू दे. मी ईसन करसू.” नाही जमलं तर राहू दे, मी येऊन करेन.

राहू द्यायला काय हरकत होती? मी कितीदा तरी स्वतःला हे विचारलंय. चहा प्यायचा, शेड झाडायची, छोटी कामं उरकायची. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिरलं होतं. आबा परत येतील, डावा पंख पुरा झालेला बघतील, आणि पुन्हा कधी मला गवंडी म्हणणार नाहीत.

पहिल्या दिवशी बरं चाललं. दुसऱ्या दिवशी टोकाजवळचा उंचवटा बसवायला मी गॅस लावला. पत्रा तापवून ओल्या फडक्यानं एकदम गार केला की आवळतो. आबा हे काम करताना श्वास रोखून धरायचे, वाटाण्याएवढा ठिपका लाल झाला की ज्योत बाजूला. माझ्या हातून तो रुपयाएवढा झाला. पत्रा आवळायच्या ऐवजी पसरला आणि भाजलेल्या पापडासारखा फुगला. दाबला की आत जायचा, सोडला की टप्प करून बाहेर. मी ठोकत गेलो तसा तो आणखी पसरत गेला. संध्याकाळपर्यंत आबांचं महिनाभराचं काम मी मातीत घातलं होतं. माझी पाचावर धारण बसली.

तिसऱ्या दिवशी मी वरच्या फळीवरचा डबा काढला.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फार सुंदर काम केलं. वहीच्या पुठ्ठ्यावर उजव्या पंखाचा आकार कापून घेतला, पुठ्ठा उलटा केला, डाव्याला लावून बघत बघत पुट्टी चढवत गेलो. फुगलेला भाग आधी आत दाबून टाकला, म्हणून थर जाड बसला. मग पाण्यानं घासून घासून असा उतरवला की पुठ्ठा आणि पंख यांच्यात केस जाणार नाही. वर दोन्ही पंखांना एकसारखा प्रायमर मारला. ड्रायव्हरच्या जागी बसून मागं बघितलं. दोन्ही टोकं एका पातळीत होती.

राहिला प्रश्न आबांच्या हाताचा. ते भुसावळ लाईनच्या गाडीनं उधन्याला उतरून थेट शेडवर येणार, हे मला माहीत होतं. आल्या आल्या हात फिरवणार, हेही माहीत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला बरं वाटलं असतं, पण मी गाढ झोपलो, कारण मला उपाय सुचला होता. सकाळी शेजारची दुकानं उघडल्यावर मी तिथल्या दोघांना हाताशी घेतलं आणि गाडी ढकलत बाहेर उन्हात आणली. विचारणाऱ्याला सांगितलं, प्रायमर वाळत नाहीये. चैत्र सरला होता. आबा आले तेव्हा अकरा वाजले होते आणि गाडी तव्यासारखी तापलेली होती, पत्रा आणि पुट्टी दोन्ही.

मायला रिक्षानं घरी पाठवून ते तसेच आले होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हात-पाय धुतले आणि उजव्या पंखावर हात ठेवला. “तापेल शे,” म्हणाले. मी प्रायमरचं सांगितलं. मग ते डाव्याकडे आले, डोळे मिटले आणि टोकापर्यंत हात नेला. परत आणला. पुन्हा नेला. तीन वेळा. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं ते असं, की तसं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

“मन्हापेक्षा बेस उतरना तुन्हा पंख,” ते म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण त्यांच्या बहिणीच्या राखेवरून ते नुकतेच उठून आलेले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काही बरं दिसत होतं, अशी एक सोयीची दया मी माझ्या गप्प बसण्याला जोडली. खरं कारण त्याहून साधं होतं. मला ते वाक्य हवं होतं, आणि मी ते परत करायला तयार नव्हतो. त्या संध्याकाळी आबांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोराच्या हाताला गुण आला. मायनं दुखवट्याच्या घरातही माझ्यासाठी शेव आणून भाजी केली. मी दोनदा मागून खाल्ली. गवंडी हे नाव त्या दिवशी बंद झालं.

गाडी काळ्या रंगात न्हाऊन तयार झाली. शेठ न्यायला आला त्या दिवशी मी सकाळीच चुंबकाचा रुमाल उचलून पँटच्या खिशात घातला. आबा फळ्या धुंडाळत होते, डबे हलवत होते, मला विचारत होते, आणि मी त्यांच्याबरोबर शोधत होतो. खिशात स्कूटरची किल्ली होती, ती चुंबकाला जाऊन चिकटली आणि वाकलो की मांडीला टोचायची. शेवटी आबा हात झटकत शेठसमोर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले की शेठ, चुंबक सापडत नाही, जबान देतो, निका पत्रा आहे, आत पुट्टी नाही. ‘निका’ हा शब्द मात्र त्यांनी मराठीच वापरला. शेठ हसून म्हणाला, तुमची जबान पुरे. गाडी गेली. मी त्याच दिवशी चुंबक एका जुन्या टायरखाली सापडल्याचं नाटक केलं. आबा म्हणाले, बघ, वस्तू कुठं जातात.

पाऊसकाळ गेला. दिवाळीनंतर शेठचा फोन आला, एकदा बंगल्यावर येऊन जा. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. गाडी पोर्चमध्ये होती. डाव्या पंखावर, चमकत्या पट्टीच्या वर, एक बारीक तडा टोकापर्यंत गेलेला होता. मी तो लांबूनच बघितला. जाड पुट्टी तडकते, पंखाच्या त्या थरथरत्या टोकावर तर नक्की तडकते, हे मला आधीही माहीत होतं.

शेठ चिडलेला नव्हता. चिडला असता तर सोपं झालं असतं. त्यानं फ्रिजवर कागद चिकटवायचा एक चुंबक आणला होता, पोरांचा, आंब्याच्या आकाराचा. तो त्यानं उजव्या पंखाला लावला. चिकटला. डाव्याला लावला. आंबा सुळकन घसरून फरशीवर पडला. त्यानं तो उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला नाही.

“आ बाजु कोणे करी?” त्यानं विचारलं. ही बाजू कोणी केली?

मी फरशीवरच्या आंब्याकडे बघत होतो. दोन शब्दांचं उत्तर होतं. आबा माझ्या उजवीकडे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं का नाही, मला माहीत नाही, कारण मी मान वर केली नाही.

“मेरे हाथ की है,” आबा म्हणाले. “चूक गया, शेठ.”

शेठनं मान हलवली. म्हणाला, वयाप्रमाणे होतं उस्ताद, तुम्ही परत करून द्या. एवढंच. चहासुद्धा पाजला. आबा एका दमात प्यायले, माझा तसाच राहिला.

परत येताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर नेहमीसारखाच होता. मला वाटलं, ते काढून घेतील. नाही काढला. उधन्याच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी कानाशी विचारलं, “कितली?”

“तीन सूत,” मी म्हणालो. आमच्या धंद्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. तीन सूत म्हणजे करंगळीच्या जाडीचा थर.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. दारात उतरल्यावर ते, मला उद्देशून नाही, नुसतंच म्हणाले, “तीन सूत. आन माले समजनं नही.”

मला वाटलं होतं ते रागावतील. पोरगा खोटं वागला, त्यांच्याकडून उभ्या जन्मातलं पहिलं खोटं वदवून घेतलं, यावर काहीतरी ऐकवतील. त्यांना त्यातलं काहीच लागलं नव्हतं, किंवा ते त्यांनी तिथंच पोर्चमध्ये गिळून टाकलं होतं. त्यांना एकच गोष्ट खात होती. तीन सूत पुट्टी त्यांच्या तळहाताखालून तीनदा गेली आणि तळहाताला कळली नाही.

आणि का कळली नाही, ते फक्त मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं: आबा, हात बरोबर आहे, मी गाडी उन्हात तापवली होती. पण पुट्टी भरणं ही भीतीपोटी झालेली चूक म्हणून खपून गेली होती. गाडी उन्हात काढणं ही चूक नव्हती. ती मी रात्री ठरवून, सकाळी दोन माणसं लावून केलेली फसवणूक होती, खास त्यांच्या हातासाठी बेतलेली. ते वाक्य बोललो असतो तर त्यांना हात परत मिळाला असता आणि मी उघडा पडलो असतो. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज स्कूटरला किक मारायचो.

गाडी परत आणली. आबांनी सगळी पुट्टी जाळून काढली, फुगलेला तुकडा कापला, नवा पत्रा जोडला आणि पंख पुन्हा पहिल्यापासून घडवला. काम पहिल्यासारखंच, काकणभर सरसच. पण ते दर दहा मिनिटांनी थांबायचे. हात फिरवायचे, मग मला बोलवायचे, “तू देख, बराबर शे का?” मला, गवंड्याला. मी म्हणायचो, आहे. तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. मग त्यांनी रुमालातून चुंबक काढला आणि स्वतःच ठोकलेल्या, अजून प्रायमरसुद्धा न लागलेल्या उघड्या पत्र्यावर तो वितीवितीला लावून बघायला लागले. उघड्या लोखंडाला चुंबक चिकटणार नाही तर काय होणार? शेजारचा एक जण हे बघून हसला. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

गाडी देऊन झाल्यावर त्यांनी शेड बंद करायचं काढलं. मी एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. तिथं पत्रा कुणी ठोकतच नाही, चेपला की बदलतात. माझ्या स्वभावाला ते बरं पडतं.

गल्लीतल्या बायका सवयीनं पोरं घेऊन येतच होत्या. आबा हात लावत नसत. म्हणायचे, “मन्हा हातनं आते काही खरं नही.” माय आधी चिडली, मग रडली, मग एक दिवस मेडिकलमधून थर्मामीटर घेऊन आली आणि देवाच्या फोटोशेजारी ठेवून दिला. त्या वेळी माझी मुलगी दोन महिन्यांची होती. आपल्या नातीच्या कपाळालाही त्यांनी ताप बघायला कधी हात लावला नाही. पाच वर्षं मी हे बघितलं, आणि बोललो नाही. पाच वर्षं हा मोठा काळ आहे. एवढ्यात चुकून तरी खरं तोंडातून जायला हवं होतं.

गेल्या थंडीत एका रविवारी दुपारी मुलगी खेळता खेळता येऊन आबांच्या मांडीवर आडवी झाली. डोळे लाल. तिची आई बाहेर होती, माय झोपलेली. आबांनी मला हाक मारली, हिचं अंग बघ. मी थर्मामीटर आणला तर त्याचा सेल गेलेला. मी म्हणालो, आबा, तुम्हीच बघा. त्यांनी हात पाठीमागं घेतला. चक्क पाठीमागं लपवला, पोरं खाऊ लपवतात तसा. मुलगी त्यांचा दंड ओढत होती, शाळेत बोलतात तशा गुजरातीत म्हणत होती, “दादा, जुओ ने.” आजोबा, बघा ना. आणि ते हात देत नव्हते.

ते मला सहन झालं नाही.

“आबा,” मी म्हणालो, “त्या दिन गाडी मी मुद्दाम उनमा काढेल व्हती. तुमना हातले समजाले नको म्हनीसन.”

त्यांना कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. टीव्हीवर काहीतरी चालू होतं, मी तो बंद केला. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“कितला टाइम?” त्यांनी विचारलं.

“दोन-अडीच घंटा.”

त्यांनी मान डोलावली. मनातल्या मनात ते पत्र्याचा हिशेब लावत होते, दोन-अडीच तासांत किती तापेल, त्यात काय कळेल आणि काय कळणार नाही. लावून झाल्यावर त्यांनी मागचा हात पुढं आणला, तळवा वर करून बघितला. मला वाटलं आता ओझं उतरलं, त्यांचंही आणि माझंही. मी रडायच्या बेतात होतो, तेही बरं वाटत होतं.

“माले वाटे, मन्हा हात गया,” आबा म्हणाले. “तेच बरं व्हतं.”

मग त्यांनी तो हात नातीच्या कपाळावर ठेवला. क्षणभरच. शंभराच्या वर आहे, दवाखान्यात ने, म्हणाले. दवाखान्यात मोजला तर एकशे एक भरला.

आता गल्लीतली पोरं पुन्हा येतात. माय थर्मामीटर कुठं ठेवलाय ते विसरून गेली आहे. मागच्या महिन्यात एक जण सेकंडहँड गाडी दाखवायला आबांना सकाळी सातला घेऊन गेला आणि आबांनी डोळे मिटून दोन्ही दरवाजे भरलेले आहेत म्हणून सांगितलं. घरात माझ्याशी ते नीट बोलतात, जेवलास का विचारतात. कुणाला सांगितलं तर म्हणेल, मग बिघडलंय कुठं?

फक्त स्कूटरवर माझ्या मागं बसले की ते सीटमागच्या लोखंडी दांडीला धरतात.